डागाची चांदी

"त्या डागाची चांदी कुठं गेली, बाबालाल?"

बाबालाल उस्तादांनी वर पाहिलं नाही. पिंपात कोपरापर्यंत हात घालून ते लोखंडी तारेचे बोळे चाचपत होते.

"कुठल्या डागाची, डॉक्टरसाहेब?"

"तुला माहीत आहे कुठल्या."

"मला प्लेटा वाचता येत नाहीत."

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात खाकी पाकीट होतं. पाकिटात एक्स-रे होता. त्यांनी तो बाहेर काढला आणि दारातल्या उजेडासमोर धरला. बरगड्या दिसल्या.

"हा बघ. इथं. गळ्याखालच्या हाडाच्या आड. हरभऱ्याएवढा."

उस्तादांनी पाहिलं. मग पुन्हा पिंपाकडं वळले.

"दिसतोय," ते म्हणाले.

"तुला दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "तुलासुद्धा दिसतोय..."

डॉक्टर मुकुंद उपळेकर मिरजेत, घरालगतच्या दवाखान्यात, चौतीस वर्षं एक्स-रे बघत होते. मिरज दवाखान्यांचं गाव. तिथं बाकीचे डॉक्टर ज्यांच्याकडं प्लेट पाठवत आणि निकाल ऐकल्यावर पुन्हा विचारत नसत, ते उपळेकर. शिकाऊ डॉक्टरांना ते सांगत, "प्लेट खोटं बोलत नाही. बघणारा आंधळा असतो."

आदल्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या पत्नीला, शालिनीबाईंना, खोकला झाला. डॉक्टरांनी स्वतः प्लेट काढली. स्वतः बघितली. छाती स्वच्छ आहे, असं सांगितलं आणि जेवायला बसले.

नोव्हेंबरात खोकल्यातून रक्त आलं. जानेवारीत शालिनीबाई गेल्या. गाठ फुप्फुसात होती आणि तिथून ती सगळीकडं पोचली होती.

तेराव्यानंतर डॉक्टरांनी मार्चची प्लेट शोधून काढली आणि पुन्हा उजेडाच्या काचेवर लावली. डाग होता. मार्चमध्येही होता.

त्या दिवसापासून त्यांनी दुसरी एकही प्लेट बघितली नव्हती.

बाबालाल शिकलगार सत्तरीचे. गावातल्या दवाखान्यांतून ते वापरलेला हायपो गोळा करत. फिल्म धुतल्यावर उरणारं ते आंबूस वासाचं पाणी. त्यात चांदी विरघळलेली असते. गावाबाहेर नाल्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं ते ती चांदी पाण्यातून बाहेर काढत. हे काम शिकायला येणारे त्यांना उस्ताद म्हणत. बाकीचे बाबालाल म्हणत. डॉक्टर बाकीच्यांतले होते.

"प्लेटेवर जे काळं दिसतं, ती चांदी," डॉक्टर म्हणाले. "जिथं किरण पोचले, तिथली. ती फिल्मवर राहते. जिथं हाडानं किरण अडवले, गाठीनं अडवले, तिथली चांदी धुऊन जाते. तिथं पांढरं राहतं. खरं ना?"

"खरं."

"म्हणजे त्या डागाची चांदी हायपोत गेली. मार्चमध्ये. आणि तो हायपो तू नेलास."

"नेला असेन. दर शनिवारी नेत होतो."

"कुठं आहे ती?"

उस्तादांनी हात बाहेर काढला. बोटांना काळा चिखल लागला होता. तो त्यांनी पिंपाच्या कडेला निरपला.

"त्या महिन्यात शंभर माणसांच्या छात्या आल्या असतील. हातपाय आले असतील. लहान पोरांच्या कवट्या. सगळ्याचा हा असा एकच चिखल होतो. मुशीत वितळला की त्याचा गोळा होतो. गोळा हुपरीच्या चांदीवाल्यांकडं जातो."

"तिथून?"

"तिथून जोडवी होतात. पैंजण. कुणाच्या तरी पायात असेल."

डॉक्टर पाकिटाकडं बघत राहिले.

"चौतीस वर्षांत एक चूक," ते म्हणाले. "एकच. आणि तीही तिच्या प्लेटेवर."

"एक सापडली, म्हणा."

डॉक्टरांनी झटकन वर पाहिलं. उस्तादांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. काहीच नव्हतं.

"मला हे काम शिकव," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला?"

"मला आता बघायचं काम नको. हातांचं हवं."

"यालाही डोळे लागतात, डॉक्टरसाहेब."

"मग मी काय करू? सांग ना... मी काय करू?"

नाल्यातून पाणी वाहत होतं. उस्तादांनी पायानंच एक पालथी बादली पुढं सरकवली.

"बसा."

*

डॉक्टर रोज येऊ लागले. सकाळी नऊला, जसे ते दवाखान्यात जात तसे. पहिल्या दिवशी त्यांनी कोट काढून खिळ्याला अडकवला. पुढं तो घालून येणंच सोडलं.

काम सोपं होतं. पिंपात लोखंडी तारेचे बोळे भरायचे. वरून हायपो हळूहळू सोडायचा. लोखंड विरघळत जातं आणि त्याच्या जागी चांदी बसते. तिला चांदी म्हणावं असं तिच्यात काही दिसत नाही. काळपट गाळ असतो. तो गाळ वाळवायचा, मळ सुटावा म्हणून टाकणखार घालून मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, तापवायचा. मग ती चांदीसारखी दिसते.

खालून निघणाऱ्या पाण्यात तांब्याची पट्टी बुडवायची. पट्टी राखाडी झाली तर चांदी अजून आहे. लाल राहिली तर संपली.

तिसऱ्या आठवड्यात उस्तादांनी पाहिलं, की डॉक्टर पट्टी लाल राहिल्यावरही तेच पाणी पुन्हा वरून ओततात. तिसऱ्यांदा ओततात. चौथ्यांदा.

"संपलं की," उस्ताद म्हणाले.

"पट्टीला कळत नाही इतकं बारीक काही राहिलं असेल."

"असेल."

"मग सोडायचं कसं?"

"सगळेच सोडतात."

"मी सोडणार नाही." डॉक्टरांचा आवाज चढला. "एक कण सुटता कामा नये. तुम्ही सोडत असाल, उस्ताद, मी नाही."

त्यांच्या तोंडून 'उस्ताद' आणि 'तुम्ही' त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडलं. तेही भांडताना. ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

उस्तादांनी बोळे बदलायला दिले आणि ते नमाजाला निघून गेले. परत आले, तेव्हा डॉक्टर सहाव्यांदा पाणी ओतत होते. हातांना फोड आले होते. नखं काळी झाली होती. पट्टी लालच होती.

गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं, बायको गेल्यामुळं डोक्यावर परिणाम झाला. जुने सहकारी शेडपर्यंत येऊन गेले. त्यांनी समजावलं. चूक कुणाकडूनही होते, मुकुंदराव. ती जागाच तशी फसवी असते. तुमच्याऐवजी दुसरा कुणी असता तरी त्याला दिसला नसता.

ते गेल्यावर डॉक्टर उस्तादांना म्हणाले, "तुम्ही असं काही बोलत नाही."

"कसं?"

"माझी चूक नव्हती असं. किंवा होती असं. सहा महिने मी इथं बसतोय. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"तुम्ही काम शिकायला आलाय."

"मी कशाला आलोय, ते तुम्हाला माहीत आहे."

उस्तादांनी मुशीखालचा विस्तव चिमट्यानं सारखा केला.

"शिव्या तरी द्या मला," डॉक्टर म्हणाले.

"टाकणखार संपत आलाय," उस्ताद म्हणाले. "उद्या येताना घेऊन या."

*

पावसाळा संपल्यावर गावातलं एक जुनं हॉस्पिटल बंद झालं. त्याच्या तळघरात वीस-बावीस वर्षांच्या फिल्म होत्या. आता बहुतेकांकडं प्लेटा कॉम्प्युटरवर दिसू लागल्या होत्या, त्यामुळं या कुणाला नको होत्या. टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. शेडमध्ये खाकी पाकिटांचा ढीग छपराला लागला.

अशा फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सोडतात. वरचा थर सुटतो. काळं सगळं तळाला जातं. हातात काचेसारखी कोरी, निळसर फिल्म राहते.

डॉक्टर पाकीट फाडत, फिल्म काढत आणि मान फिरवून पाण्यात सोडत. एका दिवसात त्यांनी चारशे फिल्म सोडल्या. एकही पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी उस्ताद त्यांच्याशेजारी येऊन बसले. ढिगातून एक पाकीट घेतलं, फिल्म काढली, डॉक्टरांसमोर धरली.

"बघा."

"नको."

"बघा."

"मी बघत नाही आता. तुम्हाला सांगितलंय."

"न बघता सोडताय. ह्यात सोनोग्राफीचे कागदही मिसळलेत. पाणी खराब होतं. बघून सोडा."

कारण इतकं साधं होतं, की डॉक्टरांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी फिल्म हातात घेतली आणि दाराकडं तोंड केलं.

पाय. मोडलेला. नीट बसवलेला. त्यांनी तो पाण्यात सोडला.

दुसरी. लहान मुलाची छाती. ठीक होती.

तिसरी. चौथी. मणका. कवटी. छाती. छाती. डोळ्यांना सवय होती. ते थांबायला तयार नव्हते. दुपारपर्यंत डॉक्टर ताठ बसले होते आणि ओठांतल्या ओठांत प्रत्येक प्लेटेचा निकाल पुटपुटत होते.

मग पुटपुटणं थांबलं.

उस्तादांनी पाहिलं. डॉक्टर एक फिल्म उजेडाला धरून बसले होते. बराच वेळ. मग त्यांनी ती जवळ घेतली, लांब धरली, तिरकी केली.

"गळ्याखालच्या हाडाच्या आड," ते म्हणाले.

उस्तादांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"हरभऱ्याहून मोठा आहे... कसा दिसला नाही? कुठल्या गाढवाला दिसला नाही हा?"

त्यांनी पाकीट उलटं केलं. आत निकालाची चिठ्ठी होती. रावसाहेब आवटी, वय त्रेचाळीस, राहणार कवलगाव. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. छाती स्वच्छ.

खाली सही होती. तिरपी, घाईची, खाली एक रेघ ओढलेली.

डॉक्टरांनी अंगठ्यानं सही पुसायचा प्रयत्न केला. अंगठा काळा होता. सहीवर डाग पडला, सही तशीच राहिली.

"ही माझी आहे," ते म्हणाले.

ढीग मागं छपरापर्यंत होता. त्यांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. मग चटकन नजर काढून घेतली.

"जिवंत असेल," ते म्हणाले. "कधी कधी ती गाठ साधी असते. क्षयाची जुनी खूण असते. तशीच राहते वर्षानुवर्षं... जिवंत असू शकतो, उस्ताद."

"असू शकतो."

"मी जाऊन येतो."

*

कवलगाव ओढ्याकाठी होतं. गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला होता. आवटींचं घर विचारल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "रावसाहेब गुळव्या? तो जाऊन धा वर्सं झाली की." आणि तरी घर दाखवलं.

दार तिशीच्या बाईनं उघडलं. ती रावसाहेबांची मुलगी, अक्काताई. लग्न गावातच झालेलं, आईला बघायला आलेली. आई आत अंथरुणावर होती. तिला ऐकू येत नव्हतं.

डॉक्टरांनी वाटेत वाक्य तयार केलं होतं. ते त्यांनी दहा वेळा म्हणून पाहिलं होतं.

"मी डॉक्टर उपळेकर," ते म्हणाले. "मिरजेहून. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांची छातीची प्लेट मी बघितली होती."

अक्काताईच्या हातातलं धान्याचं सूप तसंच राहिलं.

"तुमीच काय ते?"

"हो."

"आई!" ती आत ओरडली. आईला ऐकू जात नाही हे विसरून ओरडली. "आई, अण्णांचं डाक्टर आल्यात!"

तिनं सूप खाली ठेवलं आणि डॉक्टरांच्या पायांवर डोकं टेकलं.

डॉक्टर मागं सरकले. मागं भिंत होती.

"बसा की. उभं का?" तिनं सतरंजी टाकली. "तुमाला सांगते, अण्णा त्या आधी महिनाभर जेवलं नव्हतं. खोकला, खोकला. वाटायचं, आता काय खरं न्हाई. आमच्या आज्याला छातीचंच झालं होतं ना. मग मिरजेला गेलं. आणि येताना एस्टीतनं उतरलं, ते गल्लीत दर दारात थांबत आलं. उपळेकर डाक्टर म्हणालं, काय न्हाई. उपळेकर डाक्टर म्हणालं, काय न्हाई. सगळ्यांस्नी सांगत."

डॉक्टर सतरंजीच्या कडेकडं बघत होते.

"मग त्या वर्षी माझं लगीन केलं. ह्या अंगणात मांडव. सोता नाचलं. घरावर नवं पत्रं घातलं. सात-आठ महिने असं हसत होतं माणूस, की बघत राहावं."

ती आत गेली आणि फोटो घेऊन आली. फेटा बांधलेला माणूस होता. तोंड उघडं, डोळे मिटलेले, हसताना.

"मग दिवाळीनंतर एकदम आजारी पडलं. तीन आठवड्यांत गेलं. देवानं न्हेलं, त्याला कोण काय करणार? पर ते महिने तुमी दिलंसा. आमच्या घरात तुमचं नाव निघतं."

"अक्काताई," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"पाणी देता?" ते म्हणाले.

तिनं पाणी दिलं. निघताना काकवीची बाटली हातात दिली. इकडं कसं येणं केलं, असं दारात विचारलं. डॉक्टर म्हणाले, इकडून चाललो होतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शेडमध्ये उस्तादांसमोर होती.

"घरी नेता आली नाही," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मांडव, पत्रे, फेटा. पायांवर टेकलेलं डोकं. हे सांगताना त्यांनी दोन्ही पावलं बादलीमागं ओढून घेतली.

उस्ताद गाळ वाळत घालत होते. फडक्यावर पातळ पसरत होते. ऐकत होते.

"नऊ महिने, उस्ताद. त्या वेळी पकडलं असतं तर कापून काढता आलं असतं. जगला असता. आज नातवंडं खेळवत बसला असता. आणि ती माझ्या पाया पडते."

"हं."

"मला सांगायला हवं होतं. खरं कळायचा हक्क आहे तिचा. उद्या जातो परत. जाऊन सांगतो."

"तिला हवंय?"

"तिला ठाऊकच नाही, तर हवं कसं असेल?"

"आणि तुम्हाला?"

"मला तिचं डोकं अजून पायावर जाणवतं." डॉक्टरांनी तोंड पुसलं. कपाळावर काळा ओरखडा उमटला. "मी हे घेऊन चालू शकत नाही. सांगितलं, की निदान मला..."

"निदान काय?"

बाहेर कुणी म्हशी हाकत नाल्याकडं नेत होतं.

"सांगू की नको?" डॉक्टर म्हणाले. "इतक्या दिवसांत तुम्हाला मी काही विचारलं नाही. कामाचं सोडून. आज विचारतोय. सांगू, की नको सांगू?"

उस्तादांनी हात थांबवला. फडक्याची घडी सरळ केली. गाळाकडंच बघत म्हणाले,

"वहिनींना फार त्रास झाला का हो? मी कधी विचारलं नाही."

डॉक्टरांना विषय का बदलला ते कळलं नाही. पण इतक्या महिन्यांत शालिनीबाईंचं नाव कुणी त्यांच्यासमोर असं साधेपणानं काढलं नव्हतं.

"शेवटचे दोन महिने," ते म्हणाले. "ते वाईट होते. पण त्याआधी नाही. नोव्हेंबरपर्यंत काही नाही. मार्चनंतर खोकलाही कमी झाला होता. हसायची, सगळं करायची. त्रास असता तर मला बोलली असती ना... मलाच बोलली असती. एवढं एकच आहे माझ्याकडं. ते महिने तिला कळलं नाही. ती सुखात होती."

उस्ताद ऐकत होते.

"रोज सकाळी उठल्यावर मी स्वतःला हे सांगतो," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्यावर उठतो."

उस्तादांनी हात धुतले. सावकाश धुतले. मग येऊन डॉक्टरांच्या समोर जमिनीवर बसले. ते कधी असे समोर बसत नसत.

"त्या वर्षी जून महिन्यात," ते म्हणाले, "एका शनिवारी मी तुमच्या मागच्या दाराला आलो होतो. हायपोचा कॅन वहिनी आणून द्यायच्या. त्या दिवशी त्यांना तो उचलला नाही. पायरीवरच बसल्या. मी म्हटलं, काय झालं वहिनी?"

डॉक्टर बघत राहिले.

"म्हणाल्या, बाबालालभाई, मला आडवं पडता येत नाही. पडलं की श्वास कोंडतो. यांचा डोळा लागला, की उठून स्वयंपाकघरात जाऊन बसते. तोंडात पदर धरते. खोकला यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मी म्हटलं, साहेबांना सांगा. म्हणाल्या, त्यांनी प्लेट बघितलीय. स्वच्छ आहे म्हणालेत. आता पुन्हा काढा म्हटलं, तर त्यांना वाटेल, हिचा माझ्यावर विश्वास नाही. त्यांना ते लागतं हो. दुसऱ्या कुणाचं नाही लागत त्यांना, माझं लागतं."

"नाही... नाही. बाबालाल."

"मग त्या उठल्या. मी कॅन उचलला आणि गेलो."

"पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनिवारीही बसल्या पायरीवर."

"किती? किती शनिवार?"

"पाऊस सरेपर्यंत."

डॉक्टर बादलीवरून उठले. उठले आणि कुठं जायचं ते त्यांना कळेना. दोन पावलं दाराकडं गेले, परत आले. भिंतीला हात लावला. मग हळूहळू खाली बसले. पाकिटांच्या ढिगाला त्यांचा खांदा लागला. वरची पाकिटं घसरून त्यांच्या अंगावर पडली. त्यांनी ती बाजूला केली नाहीत.

"तू मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही छाती बघणारे. मी मागच्या दाराला येणारा माणूस."

"दर शनिवारी मी तिथंच होतो! एक शब्द... एक शब्द बोलला असतास..."

"हो."

"जूनमध्ये! जूनमध्ये अजून..."

"हो," उस्ताद म्हणाले.

डॉक्टरांच्या घशातून आवाज निघाला. तो रडण्याचा नव्हता. तो त्यांच्या ओळखीचा होता. अंगात हवा घेता येत नाही, तेव्हा माणूस तसा आवाज करतो. शालिनीबाईंनी शेवटच्या आठवड्यात तसा केला होता. त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले.

फडक्यावरचा गाळ कडेनं वाळून फिका पडला होता. उस्ताद हलले नाहीत. त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी हात काढले.

"एवढे दिवस सांगितलं नाहीस," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "मी उद्या कशावर उठू आता? एवढे दिवस गप्प राहिलास, तर कायमचा गप्प राहायचं होतंस. आजच का सांगितलंस? काय मिळालं तुला?"

उस्तादांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"मला हलकं वाटलं, डॉक्टरसाहेब."